अर्धा कशाचा?

आमच्या शाळेत नकाटोबाईंना मुलं पाठीमागे 'कशाचा बाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही, पण बाई फळ्याकडे वळल्या की एकमेकांना कोपरं मारून हसतात. हे नाव कसं पडलं ते मी सांगू शकते, कारण त्या वेळी मी भिंतीपलीकडेच होते. आता भिंत म्हणजे काय, कमरेपर्यंत विटा आणि वर लव्हाळ्याच्या चटया. पलीकडे तिची चौथी, अलीकडे माझी तिसरी. चौथीत कुणी शिंकलं तरी माझ्या वर्गात हशा पिकतो. तेव्हा युनियाबाईंनी, म्हणजे मी, चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

नकाटो म्हणजे जुळ्या मुलींतली धाकटी. थोरली ती बाबिर्ये. ही नावं आईबापांना शोधावी लागत नाहीत, जुळी झाली की ती आपसूक येतात. त्यामुळे नकाटो नावाची बाई भेटली की कुणीही पहिल्याच दमात विचारतं, "आणि बाबिर्ये कुठे असते?" ती शाळेत नवीन आली तेव्हा मीही विचारलं. ती म्हणाली, "उडाली. लहानपणीच." जुळ्यातलं एक वारलं असं आम्ही म्हणत नाही, उडालं म्हणतो. मी गडबडीनं चहा ओतायला वळले. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही एका बाकावर बसून चहा प्यायलो, पण बहिणीचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिची एक सवय मात्र सगळ्या शाळेला ठाऊक. रताळं असो, कसावा असो, केळ्याची पुरी असो, खायच्या आधी ती त्याचे दोन करायची. एक उजव्या हातात, तो खायचा. दुसरा डाव्या हातात, तो नुसता धरून ठेवायचा. मग थोड्या वेळानं जो कुणी शेजारी असेल त्याच्या हातावर ठेवायची. शेजारी बहुतेक मीच असायचे. माझा झगा कमरेत आवळ व्हायला लागला त्याचं निम्मं श्रेय नकाटोला जातं, आणि हे निम्मं अगदी मोजून निम्मं आहे.

दुसरी सवय मला अजिबात पटायची नाही. तिला चुकीची उत्तरं आवडायची. मी चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारते आणि मोकळी होते. जिथे चार धपाटे पुरतात तिथे मी चाळीस प्रश्न विचारत नाही. नकाटो मात्र वही डोळ्यांपाशी धरून बसायची, जणू आतून कुणी बोलणार आहे.

"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच गं," ती म्हणायची. "त्यात काय बघायचं? चुकीचं उत्तर ज्याचं त्याचं असतं."

"मग बस बघत," मी म्हणायचे. "चहा गार होतोय."

त्या वर्षी चौथीत किझ्झा नावाची मुलगी होती. जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं ते किझ्झा, आणि किझ्झाच्या पाठीवरचं काम्या. म्हणजे नाव ऐकलं की घरात आधी जुळी आहेत हे कळतंच. हिचे थोरले जुळे भाऊ वास्वा आणि काटो सहावीत होते, धाकटा काम्या माझ्या तिसरीत. किझ्झा अंगानं बारीक, मान जरा तिरकी धरणारी. बकऱ्या हाकताना एक जरी मागे राहिली तरी तिला न मोजता कळायचं. माझ्या हाताखालून गेलेली पोर, मी ओळखते. मठ्ठ नव्हती.

नकाटोनं वर्गात अपूर्णांकांची तुलना शिकवली आणि चाचणी घेतली. दोन अपूर्णांकांच्या मधे गोल, त्या गोलात मोठ्याचं, लहानाचं किंवा बरोबरीचं चिन्ह भरायचं. अर्ध्या वर्गानं एक छेद चार हा एक छेद तीनपेक्षा मोठा ठरवला, कारण चार मोठे. ही चूक आमच्याकडे दरवर्षी पावसासारखी येते. नकाटोनं ती वाचलीसुद्धा नाही. ती किझ्झाच्या कागदापाशी थांबली. एक छेद दोन आणि एक छेद तीन: सारखे. एक छेद तीन आणि एक छेद चार: सारखे. एक छेद दोन आणि एक छेद चार: सारखे. खालपर्यंत सगळ्या गोलांत बरोबरीच्या दोन रेघा, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ, कुठेही खाडाखोड नाही.

"ही घाबरून लिहिलेली चूक नाही," नकाटो म्हणाली. "हिला काहीतरी माहीत आहे."

"हिला काहीच माहीत नाही," मी म्हणाले.

आमचे हेडमास्तर सेम्वांगा माझ्या बाजूचे निघाले. त्यांनी तो कागद पाहिला आणि सांगून टाकलं, की जिला अर्धा आणि चौथा भाग सारखा वाटतो तिनं चौथीत बसून काय करायचं? चौथीपासून सगळं इंग्रजीत, पुढे आणखी अवघड. म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः विचारीन, नाही आलं तर सोमवारपासून तिसरीत.

ऐकायला एवढंच. पण तिसरीत काम्या होता. संध्याकाळी किझ्झाचे वडील शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे होते. जुळ्यांच्या बापाला सगळे सालोंगो म्हणतात आणि आईला नालोंगो, खरी नावं विसरूनच जातात. सालोंगो भला माणूस, हसून बोलणारा. हसतच म्हणाला, "एका वर्गात दोघं कशाला बाई? काम्या शिकेल, किझ्झा घरी राहील. तिच्या आईला आता पाचवं होणार आहे, बाळ सांभाळायला कुणीतरी लागणारच."

वाईट बुद्धीनं म्हणाला नाही. म्हणून तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

 दुसऱ्या दिवशी नकाटो चहाला आली ती थेट माझ्यावरच.

"युनिया, तू तिसरीत अर्ध्याला काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? किटुंडू."

"आणि तुकड्याला?"

"किटुंडू," मी म्हणाले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे माझं चुकलं असं म्हणायचंय का तुला?"

"तुझं नाही. आपल्या भाषेचं."

ते खरंच होतं. आमच्या भाषेत अर्ध्याला आणि तुकड्याला एकच शब्द. साडेआठ वाजले असं सांगायचं तरी आम्ही तासाला हा 'किटुंडू' जोडतो, आणि माझी काही पोरं नऊला दहा कमी असताना डुलत येतात आणि म्हणतात, बाई, तुकडाच तर वर झालाय. नकाटोचं म्हणणं असं, की किझ्झाला सगळे अपूर्णांक म्हणजे एकेक तुकडा वाटतो. एक तुकडा बरोबर एक तुकडा. मला हे इतकं पटलं की मी उरलेला चहा तिलाच देऊन टाकला.

तिनं त्याच दिवशी किझ्झाला थांबवून घेतलं. तो शब्दच वापरला नाही. दोघांत वाटलं तर, तिघांत वाटलं तर, असं म्हणत इंग्रजी नावं घोटून घेतली. किझ्झानं ती पटापट पाठ केली. मग नकाटोनं विचारलं, "आता सांग, यातला मोठा कुठला?"

"सारखे," चटईपलीकडून आवाज आला. शांत, आणि बाईंना एवढं कसं कळत नाही अशा सुराचा.

दुसरी एखादी मास्तरीण असती तर तिनं डोक्याला हात लावला असता. नकाटो चटईवरून डोकावली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "शब्द नाही गं," ती कुजबुजली. "शब्दाच्या पलीकडे काहीतरी आहे. उद्या त्यांच्या घरी जाऊ."

"मी कशाला?"

"त्यांच्याकडे फणस पिकलेत."

मी गेले.

नालोंगोचं घर तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर, केळीच्या बागेत. दारात आम्हाला चटई टाकली. नकाटोचं नाव ऐकताच नालोंगोनं दोन्ही हातांनी तिचे हात धरले, कारण जुळं माणूस दारी येणं म्हणजे शकुनच. मी नुसती मास्तरीण, मला एका हातानं नमस्कार. तिचं पोट चांगलंच दिसत होतं. ती गुडघ्यांवर बसली, हातांना तेल चोपडलं आणि भला मोठा फणस पुढे ओढला. चारही पोरं येऊन बसली, जुळी उंबऱ्यावर, किझ्झा आणि काम्या खाली.

नकाटो फणसाकडे बघत नव्हती, सुरीकडे बघत होती.

नालोंगोनं फणस उभा चिरला. दोन भाग झाले, डोळ्यांना तंतोतंत सारखे. "हा वास्वाचा अर्धा," ती म्हणाली. "हा काटोचा अर्धा." मग वास्वाच्या भागाच्या टोकाची एक जाड फोड कापली, काटोच्या भागाची तेवढीच कापली, आणि दोन्ही किझ्झापुढे ठेवल्या. आता तिघांपुढे सारखं. मग तिघांच्याही वाट्यातून एकेक पातळ चकती काढली आणि त्या तीन चकत्या काम्यापुढे. ही सगळी कापाकापी ती बोलता बोलता करत होती, शेजारणीच्या डुकरानं केळी कशा उकरल्या ते सांगत. हात मात्र एकदाही चुकला नाही. चौघांच्या पानांवर चार ढीग, उगाच भांडायचं म्हटलं तरी जागा नाही.

"झालं," नालोंगो म्हणाली. "वास्वा, काटो, घ्या आपापला अर्धा."

माझ्या लक्षात काही आलं नाही, मी गऱ्यांकडे बघत होते. नकाटो पुढे सरकली.

"किझ्झा, मला दाखव. कुणाचा कुठला?"

किझ्झानं चिकट बोटानं दाखवलं. "हा वास्वाचा अर्धा. हा काटोचा अर्धा. मी तिसरी, हा माझा तिसरा भाग. काम्या चौथा, हा त्याचा चौथा भाग." मान तिरकी करून तिनं बाईंकडे पाहिलं. "बघा ना. सारखेच आहेत."

आणि सारखेच होते! मी वाकून पाहिलं. अर्धा, तिसरा आणि चौथा, एका ओळीत, एका मापाचे. मास्तरकीत माझे केस पिकले, पण पायाखालची जमीन अशी कधी सरकली नव्हती. क्षणभर मलाच वाटलं, आपण आजवर पोरांना खोटं शिकवत आलो.

"नालोंगो," नकाटोनं हळूच विचारलं, "पण वास्वाचा आता अर्धा कुठे राहिला? त्यातून दोनदा काढलं की."

नालोंगोनं झटकन तिच्या तोंडावर तेलकट हात ठेवला. "हळू बोल! ऐकतील ना!" जुळी ऐकतच होती, गरे तोंडात कोंबून. "जुळ्याचा वाटा अर्धाच. त्याला कमी म्हटलं की रुसतात, आणि रुसले की माणसाला भाजतात. माझ्या नणंदेच्या हाताला फोड आले होते, विचार हवं तर."

"मी जुळी आहे, मी कुणाला भाजलेलं नाही."

"तुला काय ठाऊक? भाजलेला माणूस सांगायला येतो का?" असं म्हणून नालोंगोनं दुसऱ्या, सकाळी फोडलेल्या फणसातले गरे काढले. माझ्यापुढे पान ठेवून म्हणाली, "घ्या बाई, चार गरे घ्या." नकाटोपुढेही चारच ठेवले, पण दोन्ही हातांनी, आणि म्हणाली, "घे नकाटो. हा तुझा अर्धा."

नकाटोनं ते चार गरे पाहिले. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "कशाचा अर्धा?" तिनं विचारलं.

"आता काय सांगू हिला!" नालोंगो माझ्याकडे बघून हसली. "मास्तरीण आहे ना ही?"

परत येताना मी सारखी बडबडत होते. म्हटलं, त्या बाईलाच सांगून टाकायला हवं की हा अर्धा नव्हे. नकाटो म्हणाली, "मुळीच नाही. तिनं चार पोरांत फणस किती नीट वाटला ते पाहिलंस ना? तिचं वाटणं बरोबर आहे, फक्त नाव जुनं राहिलंय. जुळी दोघंच होती तेव्हाचं." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "माझंही तसंच राहिलंय." मी तिच्याकडे पाहिलं, पण ती चिखल चुकवून चालत होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिनं किझ्झाला थांबवलं. मी माझ्या वर्गात फळा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

नकाटोनं केळीच्या पानाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या आणल्या होत्या. एक पट्टी दुमडून दोन भाग केले. दुसरी दुमडून तीन. पहिल्यातला एक भाग आणि दुसऱ्यातला एक भाग शेजारी शेजारी ठेवले.

"हे असं नसतं," किझ्झा लगेच म्हणाली. "तिसरीला कमी मिळालं. आई असं करत नाही."

"आई करत नाही, बरोबर. पण हे एक घर नाही गं, दोन घरं आहेत. या पानाच्या घरी दोनच मुलं. त्या पानाच्या घरी तीन. पान तेवढंच."

 मी फडकं खाली ठेवलं.

"दोनच मुलं?" किझ्झा म्हणाली. "मग त्यांचा तुकडा मोठा येणारच." आणि मग भरभर, "आणि चार मुलांच्या घरी तिघांच्या घरापेक्षा लहान. पाच असली तर आणखी लहान. बाई, खालचा आकडा म्हणजे घरातली मुलं!"

"तसंच काहीसं," नकाटो म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला चटईतून दिसला. मीही इकडे एकटीच हसले. आता शुक्रवार येऊ दे, मनात म्हटलं.

 पण मग पोरीनं हळूच विचारलं, "बाई, वास्वा-काटोचा अर्धा खरा अर्धा कधी होता?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"म्हणजे मी आले म्हणून त्यांचा कमी झाला."

माझा हसरा चेहरा तिथेच थिजला. बघा, ही शिकवण्याची तऱ्हा. पोरीला उत्तर आलं आणि उत्तराबरोबर हेही आलं. माझ्या लाल फुलीनं कुणाला कधी रडवलं असेल, पण आपण जन्मलो म्हणून भावांचं खाणं कमी झालं असा हिशोब तिनं कुणाला दिला नाही. मला नकाटोचा रागच आला.

मग नकाटो बोलू लागली. "आम्ही दोघी होतो तेव्हा मला अर्धं रताळं मिळायचं. मग मी एकटी राहिले. आई तरीही दोन करायची. एक माझ्यापुढे, एक तसंच ताटात. मग तेही मलाच खायला लावायची. माझा वाटा वाढला, किझ्झा. अख्खा झाला. आणि मला तो नको होता. मला माझा अर्धाच हवा होता, पलीकडे खाणारं कुणीतरी असलेला." मग म्हणाली, "तुझ्या भावांना विचार, फणस पूर्वीएवढा हवा की तू हवीस."

"वास्वा म्हणेल फणस," किझ्झा म्हणाली.

"मग काटोला विचार."

दोघी हसल्या, आणि मी डोळे पुसत दप्तर उचललं. खडूची धूळ फार असते आमच्याकडे.

शुक्रवारी हेडमास्तर आले, काखेत छडी, तोंडात दात कोरायची काडी. पुऱ्या वर्गासमोर किझ्झाला उभं केलं. मी माझ्या पोरांना शुद्धलेखन लिहायला लावलं आणि सरळ चटईवरून मान बाहेर काढून उभी राहिले. आता लपवायचं काय?

"सांग पाहू. अर्धा मोठा की तिसरा भाग?"

किझ्झा त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. नकाटोनं हातातला खडू इतका घट्ट धरला की त्याचे दोन झाले.

"कशाचा?" किझ्झानं विचारलं.

मी डोळे मिटले. आता संपलं.

"काय म्हणालीस?"

"अर्धा कशाचा? आणि तिसरा कशाचा?"

"कशाचाही असू दे की! फणसाचा धर."

"एकाच फणसाचा?"

हेडमास्तरांनी तोंडातली काडी काढली. "नकाटो, परीक्षा कोण कुणाची घेतंय?"

"तिला माहिती अपुरी दिलीय हेडमास्तर," नकाटो म्हणाली.  "ती विचारतेय. सांगा ना."

"बरं. दोन फणस, अगदी सारखे."

"मग अर्धा मोठा," किझ्झा एका दमात म्हणाली. "एका घरी दोन मुलं, एका घरी तीन. दोघांच्या घरचा तुकडा मोठा. पण तिघांकडचा फणसच मोठा असला तर सांगता येत नाही, बघावं लागतं."

"आणि चौथा भाग मोठा की पाचवा?"

"फणस तेवढाच असला तर चौथा मोठा. पाचवा लहान." आणि मग तिला गप्प बसवेना. "मी आईला सांगितलंय. आता आम्ही पाच होणार, तर पुढच्या वेळी फणस मोठा आण."

वर्ग फुटला. हेडमास्तरही हसले, आधी नाकातून, मग पोट धरून. "राहू दे हिला चौथीत," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आम्ही नऊ भावंडं होतो," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, आणि छडी काखेत धरून गेले. तेव्हापासून वर्गात बाईंनी काही विचारलं की मागचा एखादा टारगट 'कशाचा?' म्हणतोच, आणि नकाटोला ते नाव चिकटलं. तिला राग येत नाही. उलट, असं विचारणाऱ्याला ती पुढच्या बाकावर बसवते.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मुलांना पेज वाढून आम्ही बाकावर टेकलो. नकाटोनं उकडलेलं रताळं काढलं आणि नेहमीसारखे त्याचे दोन केले. उजव्या हातातला खायला सुरुवात करणार, एवढ्यात किझ्झा डस्टर परत द्यायला आली. नकाटोनं डाव्या हातातला भाग तिच्यापुढे केला. माझा वाटा गेला, पण मी काही म्हणाले नाही.

किझ्झानं तो घेतला. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं, मान तिरकी केली. जिनं एका कागदावर खालपर्यंत बरोबरीच्या रेघा मारल्या होत्या तीच ही पोर.

"बाई, हे सारखे नाहीत. माझा मोठा आहे. तुमचा लहान झाला."

मी मोठ्यानं हसले. म्हटलं, घे, शिकव आणखी! नकाटो हसली नाही. ती हातातल्या रताळ्याकडे बघत होती.

"बाबिर्येही असंच म्हणायची," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. मी कप खाली ठेवला.

"मग?" किझ्झानं विचारलं. तिला काय, ती पोर, तिला नाव नुसतं नाव.

"मग काय. ती थोरली ना. बदलून घ्यायची. मोठा मला द्यायची."

किझ्झानं हातातल्या तुकड्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि तो पुढे केला. मला वाटलं नकाटो नको म्हणेल, पोरीच्या तोंडचं कसं घ्यायचं म्हणेल. तिनं आपला लहान तुकडा तिला दिला, मोठा घेतला, आणि सालीसकट सगळा खाल्ला.